मोकळेमास्तर आणि मधला डिफरन्शियल

मोकळे हे मास्तरांचं आडनाव नव्हे. बसडेपोच्या गिअरबॉक्स खात्यात ते फिटर होते. कुठलाही शाफ्ट बसवून झाला, की उजव्या हाताच्या एका बोटानं त्याला हलकेच ढकलायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "मोकळा फिरतोय का?" फिरत नसेल तर सगळं पुन्हा उघडायचं. संध्याकाळचा भोंगा वाजला असो की बाहेर बस अडून राहिली असो, उघडायचं म्हणजे उघडायचं. बोटानं जे फिरत नाही ते इंजिन काय कपाळ फिरवणार, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून कुणीतरी त्यांना मोकळेमास्तर म्हणायला लागलं आणि पुढे पगारवाटपाच्या खिडकीतूनही तीच हाक यायला लागली.

त्यांच्या बेंचवर हातोडी नव्हती. होती ती दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवलेली. एखाद्यानं बेअरिंग ठोकून बसवलं तर मास्तर काही बोलत नसत. ते बेअरिंग काढायचे, तेलात तापवायचे आणि दोन बोटांनी जागेवर सरकवून दाखवायचे. बघणाऱ्यानं शिकायचं असेल तर शिकावं. रागवायला त्यांच्याकडे वेळ नसे.

आयुष्य गाड्यांच्या पोटात गेलं, पण मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी कधी शिकायचा प्रयत्नही केला नाही. गाडी चालवायचं काम बायकोचं. धुलाई कारखान्याची बंदिस्त व्हॅन ती चालवत असे: सकाळी इस्पितळाच्या मळक्या चादरी घेऊन यायचं, दुपारी धुतलेल्या पोचवायच्या. सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. घरातल्या दोन माणसांपैकी एकाला गाडी उघडता यायची आणि दुसरीला चालवता. त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडला नाही. क्लच तुम्ही जाळता, असं मास्तर म्हणायचे. तुम्ही बसवलाच वाकडा, असं बाई म्हणायच्या, आणि व्हॅन तर डेपोची नव्हतीच.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी धाकट्या भावाच्या शेडमध्ये टांगलं आणि नवऱ्याला सांगितलं, की आयुष्यभर उंच डब्यात बसून लोकांच्या टपांकडे बघत आले, आता जरा रस्त्याच्या जवळून बघू दे. त्यांना हवी होती दोन माणसांची, बुटकी, वरून उघडी गाडी. तयार घ्यायची ऐपत नव्हती. पण अशा गाडीचा सांगाडा आणि वरचं फायबरचं अंग सुटं मिळतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचं सामान दुसऱ्या एखाद्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. जिच्यातून काढायचं, तिला या नादातले लोक डोनर म्हणतात.

डोनर मिळाली ती चारही चाकं ओढणारी होती. मागून ट्रकनं ठोकलेली. मागचा भाग कागदासारखा चुरगळलेला, पुढचा जसाच्या तसा. मास्तरांनी वाकून बघितलं, गिअरबॉक्समधल्या तेलात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि घेऊन टाका म्हणाले.

शेड मेहुण्याची, म्हणजे ड्रायव्हरबाईंच्या भावाची. तो वेल्डर. फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्या असली कामं करायचा. जिभेला हाड नव्हतं, पण हात चांगला होता. सांगाड्याचे सगळे सांधे त्यानंच केले आणि मास्तरांना त्यात काढायला खोट सापडली नाही, याचा त्याला अजून अभिमान आहे.

आता गिअरबॉक्सचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

मूळ गाडीत इंजिन नाकाशी होतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. गिअरबॉक्सच्या दोन कुशींतून दोन आखूड शाफ्ट निघून पुढच्या चाकांना जायचे आणि शेपटातून एक लांब शाफ्ट मागच्या चाकांकडे. नव्या गाडीत हे सगळं धूड जसंच्या तसं उचलून सीटच्या पाठीमागे ठेवायचं होतं. तोंड पूर्वीच्याच दिशेला. मग जे कुशीतले शाफ्ट पूर्वी पुढची चाकं फिरवत होते, ते आता मागची फिरवणार. हिशेब सरळ होता. राहिलं फक्त शेपूट. त्याच्या मागे आता चाकं नव्हती, नंबरप्लेट होती. तेव्हा शेपटाचा लांब शाफ्ट काढायचा आणि भोक बंद करायचं.

पण शेपटात आणखी एक वस्तू होती: मधला डिफरन्शियल. पुढची आणि मागची चाकं वळणावर कमीजास्त फिरतात, त्यांना तसं फिरू देण्यासाठी बसवलेला दातेरी चाकांचा गठ्ठा. इंजिनाचा जोर आधी या गठ्ठ्यात यायचा आणि मग तिथून पुढे-मागे वाटला जायचा.

मेहुण्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भाऊजी, त्या मधल्याला चार टाके मारा आणि विषय संपवा."

"टाके जखमेला मारतात," मास्तर म्हणाले. "याला कुठे लागलंय?"

"सगळे मारतात."

"का मारतात?"

मेहुण्याला ते सांगता येईना. अशा गाड्या बांधणाऱ्या कुणाकडून तरी त्यानं ऐकलं होतं, इतकंच. 'सगळे करतात' हे वाक्य मास्तरांना डेपोतही खपत नसे, शेडमध्ये काय खपणार. शिवाय पोलादाच्या पाणी दिलेल्या दात्यांवर वेल्डिंगची आग ओतायची, म्हणजे चांगल्याचं वाटोळं. आयुष्यभर जाम झालेली चाकं सोडवली, आता धडधाकट चाकं हातानं जाम करायची? त्यांच्या ते जिवावर आलं. त्यांनी मेहुण्याला नळाचं उदाहरण दिलं. दोन तोंडांचा नळ आहे, एक तोंड बंद केलं, तर पाणी जाईल कुठे? सगळं दुसऱ्या तोंडानं येईल. शेपूट बंद केलं की सगळा जोर कुशीतून. मेहुणा पुन्हा सांगाड्याकडे वळला. उदाहरण ऐकायला चोख होतं.

मग मास्तरांनी मधला डिफरन्शियल उघडला, धुतला, नवी बेअरिंगं घातली, शिमच्या पातळ चकत्या बदलून बदलून दात्यांमधला सैलपणा नेमका केला. शेपटाच्या आखूड उरलेल्या टोकाला नवं ऑइल सील बसवलं आणि भोकावर ॲल्युमिनियमचं जाड झाकण. ते झाकण त्यांनी काचेवर एमरी पेपर ठेवून इतकं घासलं होतं, की ड्रायव्हरबाईंनी त्यात बघून केस सारखे केले. मग मास्तरांनी इनपुट शाफ्टला बोट लावलं. कुशीतली दोन्ही तोंडं लोण्यासारखी फिरली.

त्या महिन्यात घाई होती. घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळण्याआधी सरकारी तपासणी व्हायची: गाडी चालवत न्यायची, तपासनीस बघणार, चालवून घेणार, पास किंवा नापास. पुढच्या महिन्यापासून हा नियम बंद होणार होता. मग अशा गाड्यांनाही कारखान्यातल्या गाड्यांसारख्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या लागणार होत्या, आणि तिथे घरच्या माणसानं पाय ठेवायची सोय नव्हती. ड्रायव्हरबाईंना मिळालेली वेळ जुन्या नियमाच्या शेवटच्या शुक्रवारची होती. ती चुकली तर गाडी कायमची शेडमध्ये, फार तर शेजाऱ्यांना दाखवायला.

त्याआधीच्या रविवारी इंजिन पहिल्यांदा चालू केलं. मागची चाकं स्टँडवर उचललेली होती. बाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि दोन्ही चाकं हवेत झकास फिरायला लागली. दुसरा टाकला, तिसरा टाकला. घरघर नाही, खडखड नाही. शेजारचा सुतार रंधा टाकून बघायला आला होता, त्यानं मान डोलावली. मास्तरांनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. हे त्यांचं हसणं.

स्टँड काढले. गाडी जमिनीवर टेकली. बाई सीटमध्ये उतरल्या. त्या गाडीत चढायचं नसतं, उतरायचंच असतं. पट्टा लावला, आरशात बघितलं, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडला.

गाडी जागची हलली नाही.

मागेही नाही, पुढेही नाही. आणि बंदही पडली नाही, हे जास्त वाईट. इंजिन निवांत चालू होतं. बाईंनी पाय पूर्ण उचलला, जरा पेट्रोल दिलं. इंजिनानं आवाज चढवला आणि गाडी खांबासारखी उभी. मेहुण्यानं मागून एक धक्का दिला. तेवढ्यापुरती वीतभर सरकली आणि थांबली.

"क्लच गेला," मेहुणा म्हणाला. "इंजिन उतरवावं लागणार." इंजिन उतरवायचं म्हणजे दोन दिवस आणि चढवायचं म्हणजे आणखी दोन. शुक्रवार त्यातच बुडाला.

ड्रायव्हरबाईंनी इंजिन बंद केलं नव्हतं. त्या डोकं जरा कललेलं ठेवून ऐकत बसल्या होत्या.

"क्लच नाही," त्या म्हणाल्या. "घसरणारा क्लच पायाला कळतो, नाकाला कळतो. हा धरतोय. पाय सोडला की आत काहीतरी फिरायला लागतंय. कुठेतरी फिरतंय ते, मजेत."

मास्तरांनी जमिनीवर गोणपाट टाकलं आणि ते मागून गाडीखाली सरकले. बाईंनी पुन्हा गिअर टाकला. मास्तरांनी इकडे हात लावला, तिकडे लावला आणि शेवटी त्या आरशासारख्या झाकणावर बोट टेकवलं. झाकणाआडून बारीक थरथर येत होती. आतलं टोक फिरत होतं. एकसारखं, न अडखळता, सुरेख मोकळं.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मेहुण्यानं वाकून बघितलं तर मास्तर उताणे पडून गिअरबॉक्सकडे बघत होते.

खाली पडल्या पडल्याच त्यांना सगळा उलगडा झाला होता. डिफरन्शियल हा नळ नव्हेच. नळाचं तोंड बंद केलं की पाणी अडतं. इथे त्यांनी तोंड बंद केलंच नव्हतं, नुसतं झाकलं होतं. झाकणाआड शेपटाचं टोक पूर्वीइतकंच मोकळं होतं, नव्या बेअरिंगांमुळे पूर्वीपेक्षाही जास्त. आणि डिफरन्शियलचा स्वभावच असा, की जिकडे अडवणारं कुणी नाही तिकडे तो सगळं फिरणं देऊन टाकतो. एक चाक चिखलात घुसलेली बस त्यांनी किती वेळा बघितली होती! चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं हू की चू करत नाही. तीच गोष्ट. बेंचवर आणि हवेत फसगत झाली, कारण तिथे चाकांवर वजनच नव्हतं. नवं सील शेपटाला जरा आवळून धरत होतं, तेवढ्या अडवणुकीवर चाकं फिरली. जमिनीवर गाडीचं वजन आलं आणि डिफरन्शियलनं सोपी वाट धरली.

मास्तर बाहेर आले, गोणपाटाची घडी केली आणि मेहुण्याला म्हणाले, "तू म्हणत होतास ते बरोबर होतं. पण तुला ते का बरोबर आहे ते माहीत नव्हतं."

"म्हणजे अर्धं तुमचं अर्धं माझं का, भाऊजी?" मेहुण्याला चेव आला. "मी काय म्हणत होतो? चार टाके. पहिल्या दिवशी. या इथे उभा राहून. आणि तुम्ही मला नळ शिकवत होतात."

मास्तरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्यांनी फाटकांचं आणि जिन्यांचं काहीतरी काढलं. मेहुण्यानं डेपोतल्या अडून राहिलेल्या बसचं काढलं. दोघांचे आवाज चढले. सुतार हळूच आपल्या रंध्याकडे गेला.

ड्रायव्हरबाई गाडीतच होत्या. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि शेडमध्ये एकदम शांत झालं.

"शुक्रवारी मला ही चालवत न्यायची आहे," त्या म्हणाल्या. "ढकलत नाही, ट्रकवर टाकून नाही. चालवत. तुमचं दोघांचं काय असेल ते शनिवारी करा, मी बघायला येईन."

एवढं बोलून त्या गाडीतून वर आल्या, पाठीमागचं बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या एअर फिल्टरचे क्लॅम्प सोडायला लागल्या. शेपटापर्यंत पोचायला आधी तेच काढावं लागतं. दोघा पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाने उचलले.

सुदैवानं मधल्या डिफरन्शियलसाठी इंजिन उतरवायची गरज नव्हती. तो शेपटातूनच निघतो. सोमवारी दुपारी तो बेंचवर आला. आता करायचं काय, ते ठरवायचं होतं. याच्या जागी बसवायला अखंड पोलादी तुकडा तयार मिळतो, पण मागवला तर यायला आठवडे. मेहुण्यानं सुचवलं, की शेपटाचं टोकच कवचाला घट्ट बांधून टाकू, म्हणजे भाऊजींचा नळ खरोखर बंद होईल. मास्तरांनी त्यावर थोडा विचार केला, उगाच नाही म्हणायचं म्हणून म्हटलं नाही. मग सांगितलं, की तसं केलं तर गाडी चालेल, पण कुशीतले शाफ्ट दुप्पट वेगानं फिरतील. पहिला गिअर तिसऱ्यासारखा वागेल आणि चढावर क्लच खरोखरच जळेल. तेव्हा राहता राहिले टाके.

"मारू?" मेहुण्यानं चेहऱ्यावरची ढाल वर करून विचारलं.

"यावर नाही. आधी त्याच्यावर." मास्तरांनी कोपऱ्यातल्या चेपलेल्या सामानाकडे बोट दाखवलं. डोनरचा मागच्या चाकांमधला डिफरन्शियल तिथे पडून होता, कुणालाच नको असलेला. त्यातली दातेरी चाकंही तशाच पोलादाची. मेहुण्यानं त्यावर आपल्या पद्धतीनं जाडजूड, भरघोस टाके घातले. दिसायला अप्रतिम. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी तो तुकडा शिकंज्यात धरला आणि इथेही दाराला टेकवून ठेवलेल्या, मेहुण्याच्या हातोडीनं एक टोला दिला. टाका जागेवर राहिला. टाक्याशेजारचं पोलाद बिस्किटासारखं तुटून खाली पडलं.

मेहुण्यानं तो तुकडा उचलून तुटलेली कड नखानं तपासली. मग बोलला तेव्हा आवाज कामाचा होता.

"गार पोलादावर घातला म्हणून. आधी सगळा नग तापवायला पाहिजे. मग थोडं थोडं सांधायचं, एकदम नाही. आणि झाल्यावर गरम राखेत पुरून ठेवायचा, आपोआप थंड होईपर्यंत. पंपाची बिडाची बॉडी मी अशीच सांधतो. घाई केली की तडकते."

"मग काल असं का नाही केलंस?"

"काल मला तुम्हाला दाखवायचं होतं."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनाही दाखवायचंच होतं, ते झाकण घासताना. पण ते म्हणाले, की टाक्यावर ओढायचं काम टाकायचंच नाही. दात्यांच्या मधल्या फटीत पोलादाच्या पाचरी बसवू, एकेका फटीच्या मापाच्या. जोर पाचरींवर येईल. टाक्यानं फक्त पाचरी धरून ठेवायच्या. ओढणारा वेगळा आणि धरणारा वेगळा, म्हणजे दोघंही टिकतील. मेहुण्याला हे पटलं. पटलं की तो नुसता हुंकार द्यायचा.

पाचरी कानशीनं घडवायच्या होत्या. मंगळवार त्यात गेला, बुधवारचाही बराचसा. दातेरी चाकांमधली फट सरळ नसते. वर रुंद, खाली निमुळती, शिवाय जरा पीळ. मास्तर तुकडा घासायचे, निळी शाई लावून फटीत बसवायचे, बाहेर काढून शाई कुठे पुसली ते बघायचे आणि पुन्हा घासायचे. मेहुण्याला इतका वेळ एका जागी बसवत नाही. तो शेडभर फिरायचा आणि दर फेरीला विचारायचा, झालं का?

पाचरी बसल्यावर मास्तरांनी सवयीप्रमाणे बोट लावलं. आता उलटं बघायचं होतं: काहीच फिरता कामा नये.

"हलतंय," ते म्हणाले.

"कुठे हलतंय? केसभर."

"केसभर म्हणजे हलतंय."

"भाऊजी, तुम्हाला मोकळं करायला दिलं तरी दोन दिवस, जाम करायला दिलं तरी दोन दिवस."

मास्तरांनी एक पाचर काढून टाकली आणि दुसरी घडवायला घेतली. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही, म्हणून ती पहिल्यापासून करावी लागली. ड्रायव्हरबाई शेजारी बसून ब्रेकच्या नळ्या पुसत होत्या. त्यांनी भावाला चहा आणायला पिटाळलं. नाहीतर त्या दिवशी शेडमध्ये काहीतरी फुटलं असतं, आणि ते पोलाद नसतं.

बुधवारी उशिरा दुपारी मेहुण्यानं काम हातात घेतलं. बेअरिंगांना आच लागू नये म्हणून त्यांच्या जागांना ओल्या फडक्यांचे वेढे द्यायचं आधी ठरलं होतं, पण नग तापवायचाच म्हटल्यावर ते निरर्थक होतं. मास्तरांनी सरळ बेअरिंगं उतरवली आणि नंतर पुन्हा चढवायचं ठरवलं. मेहुण्यानं नग सगळीकडून सारखा तापवला, ठरावीक उष्णतेला रंग बदलणाऱ्या खडूच्या कांडीनं खूण करून तिचा रंग बघत राहिला. मग एक टाका इथे, एक समोर, एक आडवा, मध्ये थांबून. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा वेल्डिंगकडे काळ्या काचेतून इतका वेळ बघितलं. मेहुण्याचा हात एकदाही कापला नाही, ही गोष्ट त्यांनी नंतर स्वतःहून दोन-तीन जणांना सांगितली. नग राखेच्या डब्यात गेला, वरून झाकण. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं बाईंनी दोघांनाही बजावलं.

गुरुवारी डिफरन्शियल राखेतून बाहेर काढला, जळलेला कचरा खरवडला, रॉकेलनं पुन्हा पुन्हा धुतला. वेल्डिंगचा एक बारीक मणी सुटून तेलात पडला तरी गिअरबॉक्सची वाट लागते. मास्तरांनी मोठ्या शिकंज्यात तो धरला, लांब पाइप लावलेल्या पान्यानं त्याला पिळलं आणि मेहुण्याला पाइपवर लोंबकळायला सांगितलं. मेहुणा वजनदार गडी. शिकंजा बेंचसकट उचलला गेला. डिफरन्शियल ढिम्म.

संध्याकाळपर्यंत सगळं परत बसलं. बाईंनी क्लच सोडला. गाडी अशी दचकून पुढे आली, की मेहुण्याला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. बाई सवयीनं हॉर्न द्यायला गेल्या, पण हॉर्न अजून जोडायचा होता. तो मग जोडला.

शुक्रवारी सकाळी बाईंनी गाडी चालवतच नेली, शेजारी मास्तर, मागून टेम्पोत मेहुणा. तपासणीचं आवार म्हणजे भलंमोठं काँक्रीट, कडेला एक चढाचा रॅम्प आणि पत्र्याखाली टेबल. तपासनीस तरुण होता, नीट काम करणारा. दिवे, ब्रेक, पट्टे, स्टिअरिंग सगळं त्यानं बघितलं. मग गुडघ्यांवर बसून त्यानं टॉर्च मागे मारली आणि विचारलं, की ही तर चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची पेटी, मग मधल्या डिफरन्शियलचं काय केलंत?

"बंद केला," मास्तर म्हणाले.

"वेल्ड करून?"

मेहुण्याचं तोंड उघडलं. ड्रायव्हरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. ते मिटलं.

"पाचरी घालून," मास्तर म्हणाले. "वेल्डिंग पाचरींना धरायला आहे. नग तापवून सांधलाय आणि राखेत थंड केलाय. सांधणारा हा." त्यांनी मेहुण्याच्या खांद्याला हात लावला.

तपासनीस उठला आणि पँटचे गुडघे झटकले. वेल्ड केलेला डिफरन्शियल चालेल असं नियमात नव्हतं, आणि चालणार नाही असंही नव्हतं. त्यानं जरा विचार केला. मग बाईंना म्हणाला, की रॅम्पच्या मध्यावर थांबा, हँडब्रेक लावा आणि तिथून उचला. असं मी थांबा म्हणेपर्यंत करायचं. कुठे काही तुटलं किंवा घसरलं तर मला सही करता येणार नाही.

चढावर उभी गाडी उचलणं म्हणजे गिअरबॉक्सला होणारा सगळ्यात मोठा त्रास. बाईंना मात्र त्याची सवय होती. इस्पितळाच्या मागच्या उतारावर ओल्या चादरींनी भरलेली व्हॅन त्यांनी रोज उचलली होती, पाठीमागे कुणाची तरी गाडी चिकटून उभी असताना.

त्या मध्यावर थांबल्या आणि उचलली. पुन्हा खाली, पुन्हा मध्यावर, पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळी टक् असा आवाज आला. मेहुण्यानं मास्तरांचा दंड धरला.

"कुशीतल्या शाफ्टचा सैलपणा आहे," मास्तर न हलता म्हणाले. "नवी जोडणी आहे, बसेल."

त्यानंतर टक् आला नाही. तपासनिसानं तरी आणखी काही वेळा करून घेतलं आणि मग हात वर केला. शेवटी त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवून एक गोल फेरी मारायला सांगितली. जाम डिफरन्शियलमुळे टायर घासतील, अशी मेहुण्याला धास्ती होती. पण जाम केलेला मधला होता. कुशीतल्या दोन शाफ्टांमधला वेगळा, तो शाबूत होता, दोन्ही चाकांना आपापल्या मर्जीनं फिरू देणारा. गाडी एका चाकोरीत सुरेख वळली. तपासनिसानं टेबलाशी जाऊन सही केली, शिक्का मारला आणि बाईंना कागद देताना विचारलं, की मला एक चक्कर मिळेल का? बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी.

सीट दोनच. त्यामुळे मेहुणा हत्यारांची पेटी घेऊन आपल्या टेम्पोकडे गेला. जाताना मास्तरांना म्हणाला, की आता कुणी विचारलं तर सांगा, टाके मेहुण्यानं मारले. मास्तर म्हणाले, विचारलं नाही तरी सांगेन.

मास्तर पट्टा बांधून बसले. त्या गाडीत बसल्यावर बाजूच्या ट्रकचं चाक आपल्या कानाशी येतं. फाटकाबाहेर पडून थोडं गेल्यावर त्यांनी बायकोला म्हटलं, की जरा कडेला घ्या, झाकणाला हात लावून बघतो, तापलंय का ते. नवं काम आहे. लगेच बघितलेलं बरं.

ड्रायव्हरबाईंनी आरशात बघितलं, चौथा टाकला आणि घराकडचं वळण मागे सोडून सरळ पुढे गेल्या.

"थांबायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "चाललीय ना?"

चालली होती. मास्तरांनी पाठीमागून येणारा आवाज थोडा वेळ ऐकला. त्यात काढण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी पाय लांब केले आणि समोरचा रस्ता बघायला लागले.